ऐपत असूनही पत नसते तेव्हा

ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका कुटुंबाची मुलगी ऐरोलीतील तीन वर्षांची नोकरी सोडून एमएस करण्यासाठी अमेरिकेत गेली आणि दोन वर्षांनी टेक्सासमध्ये चांगल्या पगाराच्या नोकरीला लागली. इथे असताना तिने क्रेडिट कार्डाचे बिल कधी चुकवले नव्हते आणि तिचा सिबिल स्कोअर ७८० च्या वर होता. तरीही भाड्याच्या घरासाठीचा तिचा अर्ज पहिल्या ठिकाणी नाकारला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्याकडे जास्त अनामत रक्कम मागितली गेली. "पगाराची स्लिप दाखवली, बँकेतले पैसे दाखवले, आता आणखी काय दाखवायचं?" असे तिच्या वडिलांनी मला विचारले. माझी सारी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली, म्हणून त्यांनी माझ्याकडे यावे हे साहजिक होते, आणि त्यांचा प्रश्नही रास्त होता. त्यांना जे सविस्तर सांगितले तेच इथे लिहीत आहे, कारण दरवर्षी ठाणे आणि नवी मुंबईतील कितीतरी घरांमध्ये हाच प्रश्न नव्याने उभा राहतो.

मराठीत ऐपत आणि पत असे दोन वेगळे शब्द आहेत आणि या विषयाचे सारे मर्म त्या दोन शब्दांमधील फरकात आहे. ऐपत म्हणजे पैसे देण्याची क्षमता, तर पत म्हणजे घेतलेले पैसे हा माणूस ठरल्या वेळी परत करतो असा इतरांचा अनुभव. नौपाड्यातील जुन्या किराणा दुकानदाराला गिऱ्हाइकाचा पगार ठाऊक नसे. गेल्या महिन्याचे खाते पहिल्या आठवड्यात चुकते झाले की नाही, एवढे त्याच्या वहीत लिहिलेले असे आणि त्यावरूनच तो पुढची उधारी देत असे. तेच कुटुंब खारघरला राहायला गेले, तर तिथल्या दुकानदाराला ही वही दिसत नसे आणि त्याच्याकडे नवे पान उघडावे लागे. अमेरिकेत गेलेल्या माणसाचेही नेमके असेच होते. त्याची ऐपत त्याच्याबरोबर जाते, पण त्याची पतनोंद भारतातील वहीतच राहते.

अमेरिकेत ही वही ठेवणाऱ्या तीन मोठ्या संस्था आहेत: इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन. ही नावे भारतीय वाचकाला परकी नाहीत, कारण भारतातही पतनोंदी ठेवणाऱ्या चार संस्थांपैकी तीन याच नावांच्या आहेत आणि आपण ज्याला सिबिल म्हणतो ती संस्था आज ट्रान्सयुनियन सिबिल म्हणूनच ओळखली जाते. नाव एक असल्यामुळे नोंदही आपोआप पुढे जात असेल, असा समज मी अनेक सुशिक्षित लोकांमध्ये पाहिला आहे, आणि तो चुकीचा आहे. भारतातील नोंदी २००५ च्या कायद्याखाली आणि मुख्यतः पॅनच्या आधारे ठेवल्या जातात, तर अमेरिकेतील नोंदी १९७० च्या कायद्याखाली आणि प्रामुख्याने सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकार देते तो ओळखक्रमांक), नाव, जन्मतारीख व पत्ता यांच्या आधारे जुळवल्या जातात. दोन्हीकडची दप्तरे एकमेकांशी जोडलेली नाहीत. म्हणून अमेरिकेत पाऊल ठेवणाऱ्याचा स्कोअर वाईट नसतो, तो अस्तित्वातच नसतो. दुर्दैवाने घरमालकाच्या किंवा मोटारकर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक उरत नाही.

या मुलीची खरी अडचण अशी होती की शिक्षणाची दोन्ही वर्षे तिने सगळा खर्च डेबिट कार्डावर आणि वडिलांच्या खात्यावरील भारतीय कार्डावर चालवला. यात तिने काही गैर केले नाही. कर्ज अंगावर घेऊ नये हे संस्कार तिला घरातूनच मिळालेले होते आणि ते चांगलेच आहेत. परंतु डेबिट कार्डाचा खर्च, बचत खात्यातील शिल्लक आणि पगार यांपैकी कशाचीही नोंद अमेरिकी पतअहवालात होत नाही, आणि भारतीय कार्डाची नोंद भारतातच राहते. थोडक्यात, दोन वर्षे सर्व देणी वेळेवर देऊनही तिच्या वहीत एक ओळसुद्धा लिहिली गेली नव्हती. तिने पहिल्याच सत्रात छोटेसे कार्ड घेतले असते, तर नोकरी लागेपर्यंत तिच्या नावावर जवळपास दोन वर्षांचा स्वच्छ इतिहास जमा झाला असता, याची मला आजही हळहळ वाटते.

आता स्कोअर कशावर ठरतो ते पाहू. सर्वांत जास्त वापरला जाणारा स्कोअर फायको या कंपनीचा असून तो १९८९ पासून प्रचारात आहे. त्याची पट्टी ३०० ते ८५० अशी आहे, सिबिलसारखी ३०० ते ९०० नाही. वर सांगितलेल्या तीन पतसंस्थांनी (म्हणजे पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थांनी, सहकारी पतसंस्थांनी नव्हे) मिळून २००६ मध्ये आणलेला व्हँटेजस्कोअरही अनेक मोबाइल ॲपवर दिसतो, त्यामुळे एकाच माणसाचे दोन आकडे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. फायकोने जाहीर केलेल्या प्रमाणानुसार ३५ टक्के वजन देणी वेळेवर दिली की नाही याला असते, ३० टक्के सध्या किती रक्कम देणे आहे याला, १५ टक्के इतिहास किती जुना आहे याला, १० टक्के अलीकडे किती नवे कर्ज मागितले याला आणि उरलेले १० टक्के कार्ड, वाहनकर्ज, गृहकर्ज असे वेगवेगळ्या प्रकारचे व्यवहार आहेत का याला. नवख्या माणसाने शेवटच्या बाबीसाठी धडपडू नये. केवळ विविधता दिसावी म्हणून व्याजाचे कर्ज काढणे मला शहाणपणाचे वाटत नाही. पहिल्या दोन बाबी मिळून ६५ टक्के होतात आणि त्या दोन्ही पहिल्या महिन्यापासून आपल्या हातात असतात.

फायको स्कोअर तयार होण्यासाठी किमान एक खाते सहा महिने जुने असावे लागते आणि गेल्या सहा महिन्यांत त्यात काहीतरी नोंद झालेली असावी लागते. म्हणजे कितीही घाई केली तरी पहिले सहा महिने टळत नाहीत, आणि म्हणूनच पहिले खाते लवकर उघडण्याला एवढे महत्त्व आहे.

पण ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला पहिले कार्ड कोण देणार? याचे उत्तर आपल्याकडील लोकांना नवे वाटू नये. आपल्या बँका जशा मुदतठेव तारण ठेवून कार्ड देतात, तसेच अमेरिकेत सिक्युअर्ड कार्ड मिळते. दोनशे किंवा तीनशे डॉलर अनामत भरली की साधारण तेवढ्याच मर्यादेचे कार्ड हाती येते. दरमहा बिल मात्र वेगळे भरावेच लागते. अनामतीतून ते वळते होत नाही. काही महिने व्यवहार चोख राहिला की अनेक बँका अनामत परत करतात आणि तेच खाते साध्या कार्डात बदलतात. असे कार्ड घेताना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: त्याची नोंद तिन्ही पतसंस्थांकडे पाठवली जाते का, आणि वार्षिक शुल्क आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या कार्डाचा आपल्या कामासाठी उपयोग नाही. दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर ते कार्ड पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवणे महाग पडेल, आणि पहिले कार्ड तर शक्यतो चालूच ठेवायचे असते, कारण इतिहासाचे वय त्याच्यापासून मोजले जाते.

इतरही दारे आहेत. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी चौकशी करावी, कारण तिला खात्यातील आवक दिसत असते. अमेरिकन एक्सप्रेसने २०१९ पासून नोव्हा क्रेडिट या कंपनीच्या मदतीने अर्जदाराच्या संमतीने त्याच्या मायदेशातील पतअहवाल पाहण्याची सोय केली असून त्या देशांमध्ये भारताचा समावेश आहे. या मार्गाने जुना स्कोअर अमेरिकेत येतो असे नव्हे, पण पहिले कार्ड मिळण्यास त्याची मदत होऊ शकते. क्रेडिट बिल्डर कर्ज नावाचाही एक प्रकार असतो, त्यात कर्जाची रक्कम बँक आपल्याकडेच राखून ठेवते, आपण हप्ते भरत जातो आणि शेवटी ती रक्कम आपल्याला मिळते. आपल्या पतपेढीतील आवर्त ठेवीची ज्यांना सवय आहे त्यांना हे लगेच उमगेल, फरक इतकाच की इथे प्रत्येक हप्त्याची नोंद पतसंस्थेकडे जाते आणि थोडे व्याज द्यावे लागते.

यांपैकी एक मार्ग निवडून थांबावे. घाबरून एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज करणारे तरुण मी पाहिले आहेत आणि त्यांचे नुकसानच झाले आहे, कारण प्रत्येक अर्जामुळे होणारी तपासणी अहवालात दोन वर्षे राहते आणि स्कोअरवर तिचा परिणाम सुमारे वर्षभर होत असतो. आपला स्वतःचा अहवाल आपण कितीही वेळा पाहिला तरी काही बिघडत नाही. कार्डाचा किंवा कर्जाचा अर्ज नाकारला गेला तर नाराज होऊन पत्र फेकून देऊ नये. नाकारण्याची कारणे कळवणे हे कायद्याने बंधनकारक आहे, आणि नकार पतअहवालावरून दिला असेल तर ६० दिवसांच्या आत तो अहवाल पुरवणाऱ्या पतसंस्थेकडून त्याची प्रत विनामूल्य मागता येते.

कार्ड हाती आल्यानंतर सगळ्यात जास्त गोंधळ दोन तारखांचा होतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. एक स्टेटमेंटची तारीख असते, त्या दिवशी महिन्याचे बिल तयार होते. दुसरी ड्यू डेट असते, त्या दिवसापर्यंत पैसे भरायचे असतात, आणि २००९ च्या कायद्यामुळे बिल पाठवल्यापासून ड्यू डेटपर्यंत किमान २१ दिवस मिळतात. पतसंस्थेकडे जी बाकी कळवली जाते ती सहसा स्टेटमेंटच्या तारखेची असते. समजा, मर्यादा ५०० डॉलर आहे आणि महिनाभरात किराणा, फोनचे बिल व विमानाचे तिकीट मिळून ४७० डॉलर खर्च झाले. बिल तयार झाले, पुढे ते ड्यू डेटच्या आत पूर्ण भरले, व्याज एक सेंटही लागले नाही. तरीही वहीत त्या महिन्याची नोंद ५०० पैकी ४७०, म्हणजे ९४ टक्के वापर अशी झाली, आणि पाहणाऱ्याला हा माणूस मर्यादेच्या काठावर जगतो असे वाटले. याउलट स्टेटमेंटच्या दोन-तीन दिवस आधी त्यातले ४०० डॉलर भरून टाकले असते, तर नोंद ७० डॉलरची, म्हणजे १४ टक्क्यांची झाली असती. खर्च तोच, भरलेले पैसे तेच. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असे सर्वत्र सांगितले जाते; माझे मत असे आहे की मर्यादा लहान असताना तो १० टक्क्यांच्या आसपास ठेवणे अधिक चांगले. एखाद्या महिन्यात आकडा वाढलाच तर फार चिंता करू नये, कारण आज बहुतेक ठिकाणी वापरात असलेल्या स्कोअरमध्ये पुढच्या महिन्याची नोंद कमी झाली की त्याचा परिणामही ओसरतो.

उशिरा भरलेल्या हप्त्याचे मात्र तसे नाही. ड्यू डेट एक-दोन दिवसांनी चुकली तर दंड आणि व्याज लागते, पण पतसंस्थेकडे नोंद सहसा ३० दिवस उलटल्यानंतरच जाते, आणि एकदा गेली की ती सात वर्षे राहते. ज्याच्या वहीत आठच ओळी आहेत, त्यातील एक ओळ लाल असणे फार जड जाते. म्हणून पहिल्याच दिवशी बँक खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय करून ठेवावी आणि त्यात किमान रक्कम हा पर्याय न निवडता स्टेटमेंटची पूर्ण रक्कम निवडावी. थोडी बाकी ठेवली तर स्कोअर वाढतो ही समजूत खोटी आहे. तिच्यामुळे फक्त व्याज भरावे लागते, आणि कार्डावरील व्याजाचे दर वर्षाला २० टक्क्यांच्या वर असणे तिथे सामान्य आहे. याच संदर्भात विद्यार्थ्यांकडून होणारी आणखी एक चूक सांगायला हवी. चौघांनी मिळून घेतलेले घर सोडताना वीज किंवा इंटरनेटचे शेवटचे बिल कोणाच्या तरी नावावर राहून जाते, पत्ता बदललेला असल्यामुळे स्मरणपत्रे मिळत नाहीत, आणि चाळीस डॉलरची ती बाकी वसुली करणाऱ्या कंपनीकडे जाऊन अहवालात डाग म्हणून उमटते. घर सोडताना ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याने ती स्वतः बंद करून शेवटचे बिल हातात घ्यावे.

लग्न होऊन जाणाऱ्या मुलींविषयी मला वेगळे लिहावेसे वाटते, कारण त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अमेरिकेत पती-पत्नीची पतनोंद एकत्र नसते. प्रत्येकाची वही स्वतंत्र असते. एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्या पतीच्या आधाराने मिळणाऱ्या व्हिसावर, गेलेल्या पत्नीला कामाचा परवाना नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, घराचा करार, मोटारीचे कर्ज, फोनची जोडणी हे सारे पतीच्या नावावर होते, आणि पाच-सहा वर्षे संसार उत्तम चालवूनही तिच्या नावाची वही कोरी राहते. पुढे तिला नोकरी मिळाली, किंवा दुर्दैवाने एकटीने उभे राहण्याची वेळ आली, तर तिला शून्यापासून सुरुवात करावी लागते. यावर उपाय कठीण नाहीत. पतीने आपल्या कार्डावर तिला ऑथराइज्ड युजर म्हणून, म्हणजे त्याच खात्यावर कार्ड वापरण्याची मुभा असलेली व्यक्ती म्हणून, जोडावे. अनेक बँका त्या खात्याचा इतिहास तिच्याही अहवालात पाठवतात. मात्र पतीच्या हातून बिल थकले तर त्याची झळ तिलाही बसू शकते, हे दोघांनी ध्यानात ठेवावे. संयुक्त करविवरणपत्र भरताना तिच्यासाठी करखात्याकडून आयटिन हा क्रमांक घेता येतो आणि काही बँका त्यावर स्वतंत्र कार्ड देतात. पुढे सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला की बँकेला आणि पतसंस्थांना कळवून जुनी नोंद त्याच्याशी जोडून घ्यावी. हे सगळे पहिल्याच वर्षी करावे, असा माझा आग्रह आहे.

नावांचा प्रश्नही आपल्या लोकांना विशेष भेडसावतो. मराठी रिवाजाप्रमाणे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. बऱ्याच पासपोर्टांवर पहिली दोन एकाच रकान्यात छापलेली असतात. मग एका बँकेत पहिले नाव दोन शब्दांचे होते, दुसरीकडे वडिलांचे नाव गळते, तिसरीकडे आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळे पडते, आणि लग्नानंतर आडनाव बदलले की आणखी एक रूप तयार होते. अशाने एकाच व्यक्तीच्या दोन अर्धवट वह्या तयार होऊ शकतात किंवा दुसऱ्याच कोणाची नोंद आपल्या नावावर येऊ शकते. सोशल सिक्युरिटी कार्डावर जसे नाव आहे, अक्षरशः तसेच प्रत्येक ठिकाणी लिहावे. तिन्ही संस्थांचे अहवाल आता आठवड्यातून एकदा विनामूल्य पाहता येतात. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी पाहिले तरी पुरे. चूक आढळली तर तक्रार नोंदवण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे आणि तिची तपासणी साधारणपणे ३० दिवसांत व्हावी लागते. इक्विफॅक्समधून २०१७ मध्ये सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली होती. तेव्हापासून जागरूकता वाढली आणि २०१८ पासून आपली नोंद गोठवून ठेवण्याची, म्हणजे आपल्या नावावर कोणी नवे कर्ज काढू नये म्हणून ती बंद ठेवण्याची, सोय तिथे विनाशुल्क आहे. नवे कर्ज घ्यायचे नसेल तेव्हा नोंद गोठवून ठेवलेली बरी.

इतर देशांत तत्त्व हेच असले तरी तपशील बदलतात. कॅनडात इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन याच दोन संस्था आहेत, स्कोअर ३०० ते ९०० असतो आणि मोठ्या बँका नवागतांना इतिहास नसतानाही पहिले कार्ड देतात. ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणारे भारतीय राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मतदारयादीत नाव नोंदवू शकतात आणि पत्त्याची खातरजमा त्या यादीवरून होत असल्याने हे काम लगेच करावे. जर्मनीत घरमालक शुफा या पतनोंदी ठेवणाऱ्या, १९२७ पासूनच्या संस्थेचा दाखला मागतात.

शेवटी ठाण्यातल्या बाजूचे सांगतो. परदेशी शिक्षणासाठी इथल्या बँकेतून घेतलेल्या कर्जात बहुधा वडील किंवा आई सहकर्जदार असतात. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, आणि नेमका तो सुरू होतो तेव्हा मुलगा किंवा मुलगी परदेशातील धावपळीत असते. अमेरिकेत ३० दिवसांपर्यंतचा उशीर सहसा अहवालात दिसत नाही, पण सिबिलच्या अहवालात हप्ता किती दिवस थकला तो आकडाच येतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. तो आकडा मुलांच्या अहवालात तर येतोच, शिवाय आईवडिलांच्याही येतो. घोडबंदर रोडवर घर घेऊ पाहणाऱ्या एका गृहस्थांचे गृहकर्ज मुलाच्या अशाच दोन थकलेल्या हप्त्यांमुळे अडले होते आणि आपण सहकर्जदार आहोत याचा त्यांना पार विसर पडला होता. परदेशी स्थायिक होताना इथले बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यात बदलावे लागते. ते बदलताना हप्त्याची जुनी सूचना तुटत नाही ना हे बँकेत विचारून घ्यावे, त्या खात्यात तीन हप्त्यांइतकी रक्कम कायम ठेवावी आणि ओटीपी येणारा भारतीय मोबाइल क्रमांक चालू राहील अशी तजवीज करावी.

आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीने वाढीव अनामत भरून ते घर घेतले आणि त्याच आठवड्यात ३०० डॉलरचे सिक्युअर्ड कार्ड काढले. त्यावर ती दरमहा फक्त फोनचे बिल आणि थोडा भाजीपाला एवढाच खर्च करते. सातव्या महिन्यात तिला पहिला स्कोअर दिसला, तेव्हा तिच्या वडिलांनी तो आकडा मला जिन्यातच थांबवून सांगितला.